जॅझ बासचा नवा पिकअप

आज रविवार, अख्खा दिवस माझ्या बासवर, म्हणजे बास गिटारवर गेला आणि मन भरून आलंय खरंच. जॅझ बास म्हणजे दोन पिकअपची बास गिटार, आणि पिकअप म्हणजे तारांचा आवाज पकडणारा चुंबक-कॉइलचा भाग. त्यातला ब्रिजचा, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या टोकाकडचा पिकअप मेला होता, तो बदलायला घेतला. एक गोष्ट आधीच सांगते, नेकचा (दांड्याकडचा) पिकअप बहुतेक वेळा ब्रिजच्यापेक्षा किंचित आखूड असतो, त्यामुळे ऑर्डर करताना नीट बघा नाहीतर खाचेत बसणारच नाही.

सोल्डर केलं, अँप लावला, एकेक पिकअप वेगळा ऐकला तर मस्त, पण दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडले की खालचा सगळा दमच गायब, नुसता नाकातला पातळ आवाज, वर गुणगुण पण दुप्पट! पोटात गोळाच आला. मग लक्षात आलं, जुना एका कंपनीचा नवा दुसऱ्या कंपनीचा, फेज उलटी झालीय, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना खोडतायत. नव्याच्या दोन वायरी अदलाबदल केल्या आणि खालचा दम परत आला, गुणगुणही गेली. तो पहिला ई (सगळ्यात जाड तार) वाजला तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, आत्ता कसं भरल्यासारखं वाटतंय.

मग पिकअपची उंची, म्हणजे तारेपासूनचं अंतर. शेवटच्या फ्रेटवर (दांड्यावरच्या शेवटच्या धातूच्या पट्टीवर) तार दाबून ईच्या बाजूला ३ मिमी, जीच्या (सगळ्यात बारीक तारेच्या) बाजूला अडीच. माझ्या मते फार वर नेऊच नका, चुंबक तारेला ओढतो, सूर डळमळतो आणि नोट लवकर मरते. पिकअपखाली फोम नवा घातला, जुन्याचा पार भुगा झालेला. प्रत्येक वेळी पाव फेरा स्क्रू, वाजवायचं, ऐकायचं, परत पाव फेरा, यातच संध्याकाळ झाली.