फेसच्या मदीनात ‘रस्ता बंद आहे’ असं कुणी म्हणालं तर

मोरोक्कोतल्या फेस शहरात जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय. सगळ्यात महत्त्वाचं आधी: ‘पुढे रस्ता बंद आहे, इकडून या’ असं सांगत कुणी पोरगा आला, तर मान हलवून ‘ला, शुक्रन’ (नको, धन्यवाद) म्हणा आणि चालत राहा. आम्हाला सांगितलेला एकही रस्ता बंद नव्हता.

कासाब्लांकाहून रेल्वेने आलो. स्टेशनबाहेर लाल ‘पेती टॅक्सी’ असतात, मीटर टाकायला लावायचा. एका गाडीत तिघंच बसवतात आणि रात्री आठनंतर दर दीडपट होतो. आम्ही चौघं, म्हणून दोन टॅक्स्या केल्या. इथवर तक्रार नाही.

बाब बूजलूद या निळ्या दरवाज्याशी टॅक्सी थांबते, कारण मदीनात, म्हणजे जुन्या तटबंदीच्या शहरात, गाडी जातच नाही. आत फक्त माणसं, गाढवं, खेचरं आणि हातगाड्या. बुकिंग करताना रियाधच्या मालकाने ‘दरवाज्यापासून पाच मिनिटं’ असं कळवलं होतं. जुन्या वाड्याचं हॉटेल केलं की त्याला रियाध म्हणतात. ती पाच मिनिटं वाट पाठ असलेल्या, रिकाम्या हाताने चालणाऱ्या माणसाची. आम्ही पोचलो तेव्हा अंधार पडला होता, दुकानांची फळकुटं लागली होती, आणि उंच भिंतींमध्ये फोनवरचा ठिपका या गल्लीतून त्या गल्लीत उड्या मारत होता. चाकांच्या बॅगा तिथे निव्वळ ओझं. पायऱ्या, दगड, मधेच खांद्याला खांदा घासेल इतकी अरुंद बोळ.

तेवढ्यात तो पोरगा आला. रस्ता बंद आहे म्हणाला, आणि इतक्या वळणांनी नेलं की बूजलूद कुठल्या दिशेला हेच कळेना. शेवटी एका आंधळ्या बोळात उभं करून माणशी दोनशे दिरहम मागितले. दिरहम साधारण नऊ-दहा रुपयांचा, म्हणजे चौघांचे सात हजारांच्या वर! अजून दोघं कुठून तरी येऊन मागे उभे राहिले. मारहाण नाही, धमकी नाही, पण आवाज चढलेले. पन्नास दिरहम हातावर ठेवले आणि उजेड दिसला तिकडे चालू लागलो.

तो उजेड फर्रानचा होता, मोहल्ल्याच्या सामाईक भट्टीचा. आपल्याकडे गिरणीत डबे ठेवून जातात तसे इथले लोक घरी मळलेल्या पिठाचे गोळे लाकडी फळीवर, फडक्याने झाकून भट्टीवर आणून ठेवतात. भट्टीवाल्या आजोबांनी रियाधचं नाव ऐकलं, काम पोऱ्यावर सोपवलं आणि आम्हाला दारापर्यंत आणून सोडलं. पैसे पुढे केले तर हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुद्दाम त्या भट्टीवर गेलो आणि दुपारपर्यंत हललो नाही. कुठली फळी कुठल्या घरची हे आजोबांना न विचारता माहीत होतं. आम्हाला गरम खोब्झ, तिथला गोल पाव, आणि ऑलिव्ह मिळाले. यादीतलं सगळं राहिलं त्या दिवशी, आणि मला त्याची काडीची खंत नाही. तो पोरगा भेटला नसता तर ही भट्टी दिसलीच नसती.

आता कामाचं. मदीना उतारावर आहे. तालआ कबीरा आणि तालआ स्घीरा हे दोन्ही मुख्य रस्ते बूजलूदपासून खाली करवीयीन मशिदीच्या भागात उतरतात. तिथून जवळच र्सिफचा चौक, आणि तिथे टॅक्सी मिळते. हरवलात तर उतार धरा, र्सिफ गाठाल. चढ धरलात तर बहुधा बूजलूद. एवढं डोक्यात असलं की दिवसा खुशाल हरवा, हरवाच. रात्री पहिल्यांदा पोचणार असाल तर मात्र रियाधला आधीच कळवून दरवाज्यावर माणूस बोलवा. हातगाडीवाला केलात तर पैसे आधी ठरवा. मागून ‘बालाक!’ ऐकू आलं की भिंतीला चिकटा, खेचर थांबत नाही. गुडघ्यांचा त्रास असेल त्यांनी मदीनात राहू नये, नव्या शहरात हॉटेल घ्यावं.

शुवाराच्या, चामडं कमावायच्या हौदांचं माझं मत: एकदा बघा, पंधरा मिनिटं पुरतात. चांगलं दिसतं ते भोवतालच्या दुकानांच्या गच्चीवरून. वर जाताना पुदिन्याची काडी देतात ती नाकाशी धराच, कारण पांढऱ्या हौदांत चुना आणि कबुतराची विष्ठा असते. उतरताना जॅकेटं दाखवतील. घ्यायचं नसेल तर थोडी बक्षिशी द्या आणि निघा.

इ.स. 859 मध्ये फातिमा अल-फिहरीने उभारली असं मानतात त्या करवीयीन मशिदीत बिगरमुस्लिमांना प्रवेश नाही, दारातून जेवढं दिसेल तेवढंच. बू इनानिया मदरशात जाता येतं, तो चुकवू नका. मधे एक दिवस मेकनेस या जवळच्या शहरात गेलो, छान गेला.

शाकाहाऱ्यांनी हरीरा सूप विचारल्याशिवाय घेऊ नये, बरेचदा त्यात मांस असतं. बिसारा मागा. वाळलेल्या बाकल्याच्या दाण्यांचं दाट सूप, वर जिरेपूड आणि ऑलिव्ह तेल. शुक्रवारी मदीनातली बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा खरेदी त्या दिवसावर ढकलू नका. आणि पाच-दहा दिरहमची नाणी खिशात खुळखुळती ठेवा, मोठ्या नोटेची मोड कुणाकडेच निघत नाही.