मायफळाची शाई आणि कँटरबरीची वाट

इंग्लंडमध्ये विंचेस्टरहून कँटरबरीला जाणारी ‘पिलग्रिम्स वे’ साधारण १९० किलोमीटरची. जाणकारांपुढे तिचं नाव काढलं की ते जरा गालात हसतात. खडूच्या डोंगरांच्या दक्षिण उतारावरची ही पायवाट इतिहासपूर्व काळातली आहे, पण मध्ययुगातले यात्रेकरू सरसकट हिच्यावरूनच जात, याला फारसा पुरावा नाही. यात्रेकरूंचं नाव तिला घट्ट चिकटलं ते व्हिक्टोरियन काळात, ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याच्या नकाशांमुळे. चॉसर या मध्ययुगीन कवीच्या ‘कँटरबरी टेल्स’मधली यात्रेकरू मंडळीसुद्धा लंडनमधल्या सदर्कहून निघाली होती, वेगळ्याच रस्त्याने.

मला याचं काही वाटलं नाही. माझं माहेर लोणंदचं, माउलींच्या मुक्कामाचं गाव. वारी शेकडो वर्षांची, पण आज दिसतो तो पालखी सोहळा, दिंड्यांचे क्रम, चोपदारांची शिस्त, हे सगळं हैबतबाबा आरफळकरांनी १९व्या शतकात घालून दिलेलं. वाटेचं वय एक आणि सोहळ्याचं वय दुसरं, हे लोणंदच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

मी चालले ती केंट परगण्यातली पूर्वेची वाट, ऑटफर्डपासून कँटरबरीपर्यंत. २०२४च्या ऑक्टोबरअखेरीस शाळेला हाफ टर्मची सुट्टी होती आणि त्याच आठवड्यात दिवाळीही सुरू होत होती. करंज्या आधीच तळून ठेवल्या, पाठपिशवीत चिवडा नि शंकरपाळे कोंबले आणि वसुबारसेच्या आधीच्या शनिवारी निघाले. नरकचतुर्दशीच्या पहाटेला घरी असायचं, एवढीच अट होती.

निघण्याचं कारण निम्मं भाविक होतं, निम्मं शाईचं.

मी प्राथमिक शाळेत मदतनीस आहे, चित्रकार नाही. पण रोज रात्री ओटा आवरला की जेवणाच्या टेबलावर बसून वहीचं एक पान भरते. कधी उलथणं, कधी वाळत घातलेले मोजे, कधी शेजाऱ्यांची मांजर. दुकानातली शाई महाग पडते म्हणून घरी करायला घेतली आणि नाद लागला. ओकच्या कळीत गांधीलमाशीच्या कुळातली एक इवलीशी माशी अंडं घालते. झाड त्याच्याभोवती गाठ वाढवतं. पानगळीपर्यंत ती गोटीएवढी, तपकिरी आणि टणक होते. बाजूला बारीक भोक दिसलं की समजायचं, आतला भाडेकरू जागा सोडून गेला. अशा गाठी कुटायच्या, पावसाच्या पाण्यात भिजवायच्या, गाळून घ्यायच्या आणि त्यात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, घालायचा. पाणी बघता बघता काळंनिळं होतं. दाटपणाला डिंक. हिराकस इथे बागेच्या दुकानात मिळतो. लोक तो हिरवळीतलं शेवाळ मारायला नेतात. मध्ययुगात कँटरबरीच्या मठातले साधू याच जातीच्या शाईने पोथ्या लिहीत.

आईला व्हिडिओ कॉलवर ती गाठ दाखवली होती.

“अगं, हे तर मायफळ!” ती म्हणाली. “सहाणेवर उगाळून चाटवलंय तुला मी.”

बरोबरच होतं तिचं. बाळगुटीतलं मायफळ म्हणजे ओकच्याच दुसऱ्या एका जातीवरची गाठ. मी इतकी वर्षं ते सुकं फळ समजत होते.

या शाईची एक खोड आहे. ओढताना रेघ फिकट करडी दिसते, हवा लागेल तशी ती काळी पडत जाते. चढावर थांबून बोरूने काढलेलं चित्र त्या क्षणी धड दिसतच नाही. घरी टेबलापाशी मी स्वतःच्या प्रत्येक रेघेला नावं ठेवत बसते. इथे नावं ठेवायला समोर काही नसायचं. वही मिटायची आणि पुढे चालायचं. संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत ती उघडली की दिवसभरात काय पाहिलं ते कळायचं.

ऑटफर्डला टॉमस बेकेटच्या नावाची एक विहीर आहे. याच बेकेटच्या दर्शनाला लोक कँटरबरीला जात. २९ डिसेंबर ११७० रोजी राजा दुसऱ्या हेन्रीच्या सरदारांनी या आर्चबिशपला त्याच्याच कॅथीड्रलमध्ये तलवारीने मारलं. ११७३ साली तो संत ठरला. ऑटफर्डची आख्यायिका सांगते की त्याने काठी आपटली आणि तिथे पाणी लागलं. दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. प्रार्थनेत व्यत्यय येतो म्हणून त्याने या गावात नाइटिंगेल पक्ष्यांना गायची बंदी केली म्हणे. आपल्याकडच्या एखाद्या संताने कोकिळेला गप्प बसवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

त्याच खोऱ्यात, जरा उत्तरेला, शोरम गाव आहे. १८२०च्या दशकात सॅम्युएल पामर हा तरुण चित्रकार लंडन सोडून तिथे राहायला आला. टेकड्या, कापणीची शेतं, चंद्र, मेंढ्या असं जवळचंच त्याने काढलं. सेपिया रंगात डिंक कालवून केलेली त्याची काही चित्रं ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहेत. इतकी गडद की चित्रात संध्याकाळ साचून राहिल्यासारखी वाटते. या उतारांवरून चालताना ती आठवतात, आणि त्याच वेळी खालून एम-२० मोटरवेची घरघर कानावर येत राहते. केंटच्या या पट्ट्यात ती दिवसभर पाठ सोडत नाही, हे जाणाऱ्याने आधीच धरून चालावं.

वाट ओली असली की खडू साबणासारखा निसरडा होतो. पायाखाली गारगोटीचे तुकडे, डाव्या हाताला बीच आणि यूची झाडी, उजवीकडे नांगरलेली पांढुरकी शेतं. आपल्या मोरवेलीची इथली बहीण कुंपणांवर पांढऱ्या केसाळ बियांचे झुपके टाकून पसरलेली असते. स्पिंडलच्या झुडपाची फळं तर भडक गुलाबी, फुटली की आतून नारिंगी. कुणी साडीला हे काठ लावले तर आपण नाक मुरडू. काळ्या शाईत यातलं काहीच येत नाही, म्हणून मी मुद्दाम रंगपेटी नेली नव्हती. रंग बघण्यात वेळ गेला तर जाऊ दे म्हटलं.

जड गेलं ते मुकं चालणं. वारीत पाय आपले आपण पडतात, टाळ आणि मृदंग त्यांना पुढे नेतात. इथे समोरून येणारा ‘मॉर्निंग’ म्हणतो आणि कुत्र्याच्या मागे निघून जातो. मनातल्या मनात अभंग म्हणून पाहिले, पण धापेत लय जुळेना. मग चित्रांनीच चालण्याला टप्पे पाडून दिले. प्रत्येक फाटकाशी थांबायचं, दिसेल ते काढायचं. पालखीला विसावे असतात, तसे हे माझे.

एल्सफर्डच्या, कार्मेलाइट या कॅथलिक पंथाच्या मठात मुक्काम केला. मेडवे नदीच्या काठी हे साधू १२४२ साली आले. १५३८ साली राजा आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाला, आणि १९४९ साली पंथाने तीच जागा परत विकत घेतली. तिथल्या चॅपलांमधून सिरॅमिकची भित्तिशिल्पं आहेत. ती ॲडम कोसॉव्स्की या पोलिश कलावंताची. सोव्हिएत श्रमछावणीतून जिवंत सुटलेला हा माणूस १९५०पासून वीसेक वर्षं इथे काम करत राहिला. हिरवा, तपकिरी, निळा, आणि जाड बोटांनी दाबल्यासारखे चेहरे. काही संत अगदी शेतकऱ्यांसारखे दिसतात, हात मोठे आणि मान आखूड. मी जेवणाची वेळ होईपर्यंत नुसते हात काढत बसले. आधी वाटलं होतं की कलाकाराने एखादी जागा सजवून दिली असेल आणि पुढच्या कामाला गेला असेल. भिंतीमागून भिंत बघताना लक्षात आलं, की एवढं काम येत-जात होत नाही. त्याने आपलं रोजचं कामच इथे आणून ठेवलं होतं.

रविवारी पहाटे घड्याळं तासभर मागे गेली. त्यानंतर साडेचारलाच दिवस कलतो, त्यामुळे पुढची मजल उरकत चालले. चॅलकजवळच्या किंग्ज वूडमध्ये चेस्टनटच्या काटेरी बोंडांचा खच पडला होता. चिल्हम फारच देखणं गाव आहे. चौक, किल्ला, जुनी लाकडी घरं. इतकं नीटनेटकं की काढावंसं वाटेना. त्यापेक्षा पुढच्या सफरचंदांच्या बागेशेजारी एकावर एक रचलेल्या रिकाम्या खोक्यांचं चित्र चांगलं आलं.

वेळापूरला माउलींच्या सोहळ्यात धावा होतो, पंढरी जवळ आली म्हणून सगळे धावत सुटतात. कँटरबरीच्या अलीकडे, हार्बलडाउनच्या बाजूने कॅथीड्रलचा बेल हॅरी मनोरा दिसला तेव्हा माझे पाय खरंच भरभर पडायला लागले. धावले नाही, मागून एक आजोबा सायकलवरून येत होते, लाज वाटली. ११७४ साली दुसरा हेन्री राजा प्रायश्चित्त म्हणून याच बाजूने शहरात आला होता. सेंट डन्स्टन चर्चपासून अनवाणी चालत गेला आणि मठातल्या साधूंकडून त्याने फटके खाल्ले.

आत बेकेटची समाधी नाही. जिथे ती होती तिथे मोकळी फरशी आणि एक मेणबत्ती. पण वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या यात्रेकरूंनी घासून घासून मधोमध खोलगट केल्या आहेत. शाईची बाटली तिथे बाहेर काढायची हिंमत नव्हती, म्हणून पेन्सिलने त्या पायऱ्याच काढल्या, बाकी काही नाही.

बाहेर येऊन आईला फोन लावला.

“म्हणजे आत काहीच नाही?” तिने विचारलं.

“नाही गं. १५३८ साली आठव्या हेन्रीने समाधी फोडली, सोनं-रत्नं नेली.”

“बरं. आणि त्यांची तिथी कधी असते?”

मी सांगितलं, दोन असतात. पहिली डिसेंबरातली, मारलं त्या दिवसाची. दुसरी ७ जुलैची. १२२० साली त्या दिवशी अस्थी नव्या समाधीत नेल्या, आणि मोठी यात्रा तेव्हा भरायची. पलीकडे ती नातवाला मोबाइलवर काहीतरी बघायला सांगत होती.

“पुढच्या वर्षी आषाढी ६ जुलैला आहे,” ती म्हणाली. “लागूनच आली की. मग जुलैतच जायचं ना, ऐन दिवाळीत कशाला भटकतेस?”

“जुलैत मायफळं कच्ची असतात, आई. हिरवी.”

“मग आत्ता पिशवीत आहेत त्यांची शाई करून ठेव.”