तुम्ही विचारलंत म्हणून: नास्तिकांचा गट का सोडला

नाही, मी देव मानायला लागलेलो नाही. लग्नात, टपरीवर, अमळनेर-धुळे एसटीत तुम्ही हेच विचारता, "एवढे पक्के नास्तिक, मग आपल्या व्हॉट्सॲप गटातून बाहेर का पडलात?" घाबरलोही नाही. एकदाच सांगतो.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई ही देवी घरोघरी बसते. त्याच्या आदल्या रात्री शिरपूरकडच्या एका मुलीनं गटात लिहिलं. कॉलेजात शिकणारी, घरात एकटीच नास्तिक. पूजेला बसणार नाही हे तिनं घरी सांगून टाकलं होतं. पण आई म्हणत होती, "देव नको मानू, पन रोट ते खाई ले." सगळे भाऊबंद जमणार, मी रोट, म्हणजे कानबाईचा प्रसाद, खाल्ला तर चालेल का? एवढंच विचारलं होतं तिनं. रात्रभर उत्तरं येत राहिली. अर्धवट. भोंदूंची दलाल. तिच्या आईबद्दल एकानं जे लिहिलं ते इथे लिहिणार नाही. दुसऱ्यानं तिचा टिकली लावलेला फोटो उचलून टाकला, खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. सुरीला रसायन लावून लिंबातून 'रक्त' काढायचं, मग त्यातली हातचलाखी समजावून सांगायची, असे प्रयोग माझ्याबरोबर गावोगाव करणारी माणसं होती ही! मी "थांबा" लिहिलं, तर मी मवाळ ठरलो. सकाळी ती गटात नव्हती. फोन केला तर म्हणाली, "सर, घरचे निदान जेवलीस का, असं तरी विचारतात."

राग मला कळतो. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या, २०१५ मध्ये कोल्हापुरात पानसरेंना. धमक्या आम्हालाही येतात. सातपुड्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवतात तेव्हा मलाही सौम्य शब्द सुचत नाहीत. पण डाकीण ठरवणारा भगत आणि रोट खाणारी पोर एकच कशी? आमचा विरोध देवाधर्माला नाही, त्यांच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे, हे दाभोलकर जाहीरपणे सांगत. जादूटोणाविरोधी कायदासुद्धा अघोरी कृत्याला शिक्षा देतो, श्रद्धेला नाही.

माझ्यातला जुना कार्यकर्ता मात्र हे ऐकून घेत नाही. तो म्हणतो, टोचल्याशिवाय माणूस हलत नाही, तुलाही कुणीतरी टोचलंच होतं. खरं आहे. पण ज्या सरांनी टोचलं, त्यांच्याच घरी मी कितीदा जेवलो. तो म्हणतो, तू निघालास, आता तिथे "थांबा" म्हणणाराही नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

निघण्याआधी मी नियम मागितले होते: कुणाच्या आईबापावर जायचं नाही, कपड्यांवर, टिकलीवर बोलायचं नाही, फोटो उचलायचे नाहीत. विवेकवाद्यांना कसली आचारसंहिता, असं उत्तर आलं. हे नियम मानले तर उद्या परत येईन. आणि त्या मुलीची माफी कुणी मागितली का, हे एकदा त्यांनाही विचारा.