शिमग्यातली मंडळाची सभा

आमच्या गावच्या मंडळाची सभा शिमग्यातच व्हायची. गणपतीत जो तो आपापल्या घरच्या आरतीत आणि पाहुण्यांत अडकलेला. शिमग्याला मात्र पालखी एकच, ढोल एकच, त्यामुळे भांडायलाही सगळे एकाच जागी सापडायचे.

रत्नागिरीकडे शिमगे दोन. फाल्गुन शुद्ध त्रयोदशीचे तेरसे आणि पौर्णिमेचे भद्रेचे. आमचे तेरसे, म्हणजे मुंबईकरांना रजा आधी टाकावी लागे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली. त्याआधी मंडळी एसटीने यायची, नमनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याच्या, कपड्यांची ट्रंक टपावर बांधून.

ग्रामदेवतेची रूपं, म्हणजे मुखवटे, लागून पालखी सहाणेवर, तिच्या ठरलेल्या जागेवर, बसली की समोर सतरंज्या पडत. मुंबईचा खजिनदार वही उघडायचा आणि ताशा मढवायच्या खर्चावर दरवर्षी गाडी अडायची. "तुमी मुंबयत बसून हिशोब मांडा, ढोल आमीच वाजवायचा!" हे वाक्य कुणीतरी म्हटल्याशिवाय सभा झाली असं वाटतच नसे. शेवटी गावकर, म्हणजे गावचे मानकरी, नारळ घेऊन गाऱ्हाणं घालायला उभे राहत. "व्हय म्हाराजा!" म्हणताना भांडलेल्यांचेच आवाज सर्वांत मोठे.

रात्री नमन. मृदंगाच्या पुडीवर कणीक थापली जात असतानाच आम्ही पोरं पुढची जागा धरून बसायचो. गण, मग गवळण. राधा म्हणजे आमच्यातलाच एक मिशा काढलेला गडी. त्याचं लुगडं कुणाच्या तरी सुनेचं असे, आणि ती माउली गवळण सोडून काठाला चिखल लागतोय का एवढंच बघत बसे. गवळणीतल्या मावशीच्या तोंडी गावातली वर्षभराची लफडी यायची. ज्याच्यावर बोट असेल तो आधी हसायचा, मग उठून विडी ओढायला जायचा. संकासूर मध्येच घुसायचा: काळा झगा, उंच निमुळती टोपी, कमरेला घुंगरांचा पट्टा. लहान पोरं आईच्या पदरात. मीही शिरायचो, पण एका डोळ्याने बघत.

मग पालखी घरोघर फिरायची. अंगण सारवलेलं, ओटी भरायला बायका तयार. खुणांच्या दिवशी मैदानात पुरलेला नारळ शोधायला पालखी निघे. खांदेकरी घामाने निथळायचे, पालखी मागेपुढे झुलायची, एका जागी घुटमळली की तिथे खणायचं. नारळ वर आला की बोंब, ढोल आणि होळीच्या फाका, म्हणजे आरोळ्या, एकदमच. (त्या फाका इथे लिहिण्यासारख्या नाहीत.)

आता हिशेब व्हॉट्सॲपवर आधीच येतो आणि सभा अर्ध्या तासात उरकते. वाद उरलाय तो पालखी आधी खालच्या वाडीत न्यायची की वरच्या, एवढाच. यंदा वरच्या वाडीची पाळी आहे, असं आमचं वरच्या वाडीवाल्यांचं ठाम म्हणणं आहे.