रक्त काढलं, आणि वाया घालवलं

एमएस्सीनंतर परळच्या एका रुग्णालयात प्रोजेक्टवर लागले, तेव्हा उपाशीपोटीचं ग्लुकागॉन, म्हणजे रक्तातली साखर वाढवणारं हॉर्मोन, मोजायचं काम माझ्याकडे आलं. म्हटलं, रक्त घ्यायचं, सेंट्रिफ्यूजला लावायचं, प्लाझ्मा फ्रीझरला. त्यात काय एवढं!

पहिल्या दिवशी सहा जण आले. सगळ्यांचं रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळ्यांत घेतलं, नळ्या रॅकमध्ये उभ्या केल्या आणि मग टेबलाशी येऊन एकेकीत अ‍ॅप्रोटिनिन (एन्झाइमं अडवणारा पदार्थ) सोडलं. कसं अगदी सुबक! आकडे आले ते सगळे पडलेले, दोन तर किटला मोजताच आले नाहीत.

मॅडमनी एकच विचारलं, "अ‍ॅप्रोटिनिन कधी घातलंस?"

ग्लुकागॉन म्हणजे २९ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. रक्तातली प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारी, एन्झाइमं ती कुरतडतात, आणि रक्त शिरेबाहेर आलं म्हणून ती थांबत नाहीत. ईडीटीए कॅल्शियम बांधून रक्त गोठू देत नाही. धातूवर चालणारी काही एन्झाइमंही त्याने अडतात. पण सेरीन प्रोटिएज नावाच्या गटाला त्याचं काही वाटत नाही, त्यांच्यासाठी अ‍ॅप्रोटिनिन. ते रक्त येण्याआधी नळीत हवं. मी आग लागून गेल्यावर पाण्याची बादली आणली होती.

मग हिशेब नव्याने. एक मिलिलिटर रक्ताला अ‍ॅप्रोटिनिनचे ५०० केआययू (ते मोजायचं एकक), आमच्या द्रावणात मिलिलिटरला १०,०००. म्हणजे तीन मिलिलिटर रक्तासाठी १५० मायक्रोलिटर. शीर बारीक निघून दोनच मिलिलिटर रक्त मिळालं, तर प्रमाण बिघडतं आणि नमुना जास्त पातळ होतो. म्हणून नळीवर मार्करने तीनची खूण.

नळी हलवायची तीही जपून, आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी. खळखळवली की तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्या पोटातली एन्झाइमं नव्याने भर घालतात. (जीएलपी-१ हे आतड्यातलं हॉर्मोन मोजायचं असतं तर अ‍ॅप्रोटिनिनवरही भागलं नसतं. ते तोडणारं डीपीपी-४ एन्झाइम अ‍ॅप्रोटिनिनला दाद देत नाही. मधुमेहाच्या ग्लिप्टिन गोळ्या अडवतात ते हेच. त्याला वेगळा इनहिबिटर लागतो.)

दुसऱ्या खेपेला नेमकं बर्फाचं मशीन बंद. सकाळी सातला थर्मासची पेटी घेऊन मासळीबाजार गाठला. मावशींनी पापलेटांवरचा चुरा भरून दिला. "कशाला गो तुला बरफ?" म्हटलं, रक्त ठेवायचंय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पैसे देऊन मी मुकाट निघाले. चुऱ्यात थोडं पाणी घातलं; नुसत्या बर्फात नळीभोवती फटी राहतात.

सहाही जणांना पुन्हा उपाशी बोलवायचं म्हणजे कसोटीच. लालबागचे एक आजोबा तर खुर्चीत बसल्या बसल्याच म्हणाले, "पोरी, तुझ्यापायी दोनदा सकाळचा चहा गेला माझा." शीर मात्र पहिल्या झटक्यात मिळाली. रक्त खुणेपर्यंत आलं, नळी उलटीसुलटी केली आणि थेट बर्फात. चार अंशांवर सेंट्रिफ्यूज, प्लाझ्मा छोट्या नळ्यांत वाटून उणे ८०ला. वाटून अशासाठी, की पुन्हा मोजायची वेळ आली तर सगळंच वितळवायला नको.

खाली कँटीनला आले तर आजोबांचा दुसरा कप चालू होता. दोन्हीचे पैसे मी दिले.