सोनाराने टोचलेले कान

देवमाशाला शेपटीला धरून ओढायचं नाही. हे एक वाक्य देवमासे वाचवायच्या प्रशिक्षणाच्या दिवशी आमच्याकडून इतक्या वेळा वदवून घेतलं की रात्री नवऱ्याने पायाकडची चादर ओढली तेव्हा मी झोपेत तेच बडबडले म्हणे.

मी हर्णैची. गेली नऊ वर्षं स्कॉटलंडमध्ये, ॲबरडीनला. नवरा तेलाच्या कंपनीत, मी हिशेब लिहिते. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं, तेव्हा माहेरच्या ग्रुपवर दोन दिवस त्याचेच व्हिडिओ येत होते. बरेच प्रयत्न करून त्याला खोल पाण्यात सोडलं, पण ते जगलं नाही. भावाने विचारलं, "ताई, तुमच्याकडे असं झालं तर काय करतात गो?" मला काय माहीत! शोधायला बसले आणि ड्यूरनेसपाशी अडकले.

ड्यूरनेस म्हणजे स्कॉटलंडचं अगदी वरचं टोक. तिथल्या उथळ खाडीत २२ जुलै २०११ रोजी पायलट व्हेल जातीचे सत्तरेक देवमासे शिरले. ओहोटी लागली, त्यातले ३९ वाळूवर अडकले आणि १९ मेले. जवळच केप रॅथला लष्कराचं सरावक्षेत्र आहे. समुद्रातल्या एका खडकाळ बेटाला जहाज समजून विमानं त्यावर खरे बॉम्ब टाकतात. काही बॉम्ब न फुटता तळाशी जातात आणि नौदलाचे पाणबुडे अधूनमधून ते फोडून टाकतात. देवमासे अडकण्याच्या आधीच्या चोवीस तासांत तिथे १००० पौंडांचे, म्हणजे साधारण साडेचारशे किलोचे, तीन बॉम्ब पाण्याखाली फोडले होते. चौथा, २५० पौंडांचा, फोडला तो देवमासे अडकायला लागल्यावर. चौकशीचा अहवाल यायला २०१५ उजाडलं. त्यात या स्फोटांचा आवाज हेच सगळ्यात पटण्याजोगं कारण मानलं आहे. मला चटका लावून गेली ती वेगळीच गोष्ट. देवमाशांना परत समुद्रात घालायला जे लोक धावले, त्यांत त्याच भागात कामावर असलेले नौदलाचे पाणबुडेही होते.

त्या दिवशी तिथे आलेल्या स्वयंसेवकांबद्दल वाचताना कळलं की हे काम शिकवणारी संस्था आहे: ब्रिटिश डायव्हर्स मरीन लाइफ रेस्क्यू. १९८८ मध्ये उत्तर समुद्रातले सील साथीच्या रोगाने पटापट मरायला लागले, तेव्हा काही पाणबुड्यांनी मिळून ती काढली. अट एकच, वय अठराच्या वर. पोहता यायलाच हवं असं कुठे दिसलं नाही, म्हणून मी फॉर्म भरला. (हर्णैची असून मला पोहता येत नाही. आमच्याकडे मुलींना मासे निवडायला शिकवायचे.) माझ्या जवळची तुकडी भरलेली होती. पाच महिने थांबले.

मधल्या काळात वेटसूटचं, म्हणजे थंड पाण्यात उतरताना घालायच्या रबरी पोशाखाचं, प्रकरण झालं. गावातल्या एका दुकानातून भाड्याने घेतला. "अंगासरशी बसेल," म्हणाला. बसला. पण डाव्या काखेतली शिवण उसवलेली होती हे मला कळलं ते थेट पाण्यात. एप्रिल महिना, पाणी सात-आठ अंश.

सकाळी वर्ग एका गावकी सभागृहात. शिकवणारे गृहस्थ सत्तरीचे, हातात चहाचा मग. बोलणं इतकं संथ की पहिला अर्धा तास मला त्यांचं इंग्रजी कळत होतं म्हणून आनंद आणि विषय पुढे सरकत नव्हता म्हणून कंटाळा, दोन्ही होतं. मग त्यांनी प्राण्याचं वजन समजावलं आणि मी सरळ होऊन बसले. देवमाशाचं शरीर पाण्याने उचलून धरलेलं असतं. वाळूवर आला की त्याचं स्वतःचंच वजन त्याच्या फुप्फुसांवर आणि स्नायूंवर पडतं. दबलेले स्नायू मरायला लागतात आणि त्यांतलं विष रक्तात उतरतं. म्हणजे तुम्ही त्याला पाण्यात ढकलून टाळ्या वाजवता, आणि तो आतून आधीच गेलेला असतो. वर त्या चरबीच्या थरामुळे थंडीतसुद्धा तो उकडून निघतो. म्हणून ओल्या चादरी पांघरायच्या, पण डोक्यावरचं श्वासाचं छिद्र मोकळं ठेवायचं. पोटावर सरळ बसवायचा, परांखाली वाळूत खड्डे करायचे. शेपटीपासून लांब राहायचं. माणसं, कुत्री, मोबाइल दूर ठेवायचे, आणि मोठ्याने बोलायचं नाही, कारण त्याचं सगळं जग कानातच असतं.

इथे कुणीतरी सोनारचा विषय काढला. सोनार म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे दापोलीतल्या पेठेतला सोनार येतो. पण हा नौदलाचा, पाणबुड्या शोधायला पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणारा. चोचवाले देवमासे याला सगळ्यांत जास्त बिचकतात. त्यांच्यातली क्युव्हिएर ही जात जवळजवळ तीन किलोमीटर खोल बुडी मारते. अशा खोलीवर राहणारा प्राणी घाबरून आपला नेहमीचा वर यायचा क्रम मोडतो आणि त्याच्या रक्तवाहिन्यांत वायूचे बुडबुडे होतात. घाईने वर आलेल्या पाणबुड्या माणसाला होतात, तसेच. २००२ मध्ये कॅनरी बेटांजवळ नाटोच्या सरावाच्या वेळी असे चौदा देवमासे किनाऱ्याला लागले आणि त्यांच्या शरीरांत हे बुडबुडे सापडले. २००४ मध्ये स्पेनने त्या बेटांभोवती असा सोनार वापरायला बंदी घातली. तेव्हापासून तिथे ते तसे एकगठ्ठा किनाऱ्याला लागलेले नाहीत. ‘कान सोनारानेच टोचावे’ ही आपली म्हण मला नेमकी तेव्हा आठवली आणि मी नको तिथे हसले. शेजारच्या बाईंना ती इंग्रजीत समजावायला गेले, ते न गेलेलंच बरं होतं.

दुपारी पाण्यात. आमचा रोगी म्हणजे पायलट व्हेलच्या आकाराची रबरी पिशवी, आत पाणी भरलेली. हसू नका, ती सहा माणसांना हलत नाही. तिच्याखालून ताडपत्री घालायची असते: आधी एका कुशीवर किंचित कलती करायची, ताडपत्रीची गुंडाळी अंगाखाली सरकवायची, मग दुसऱ्या कुशीवर. अंथरुणाला खिळलेल्या माणसाखालची चादर बदलतात ना, तश्शी. शेवटची दोन वर्षं आजीची चादर मीच बदलायचे, त्यामुळे हे मला लगेच जमलं आणि गृहस्थांनी मला पुढे बोलावून सगळ्यांना दाखवायला लावलं. त्या दिवसातली माझी एवढीच मर्दुमकी. मग दोन्ही बाजूंना हवेचे लांब तराफे लावून पिशवी तरंगवली आणि छातीभर पाण्यात तिला धरून उभे राहिलो. खऱ्या प्राण्याला असंच धरून ठेवतात. आडव्या पडलेल्याचा तोल गेलेला असतो, तो परत यायला वेळ लागतो. माझ्या काखेतून उत्तर समुद्र आत येत होता.

शेवटी मी विचारलं, की कानच गेला असेल तर पाण्यात सोडून काय उपयोग? ते थोडं थांबले. म्हणाले, किनाऱ्यावर उभं राहून कान तपासता येत नाही, आणि खोल पाण्यातला चोचवाला असेल तर बहुतेक वेळा त्याला शांतपणे मरू देणंच हातात असतं. हे त्या दिवसातलं सगळ्यात खरं वाक्य होतं आणि ते माहितीपत्रकात नव्हतं.

काही आठवड्यांनी स्वयंसेवकाचं कार्ड आलं. आईला फोटो पाठवला. "माशाच्या बाजारात नाक मुरडायचीस, आणि आता हे?" एवढंच म्हणाली.

पहिला फोन आला फेब्रुवारीत, पहाटे. एक पॉरपॉइज, म्हणजे इथला छोटा, दीडेक मीटरचा, डॉल्फिनच्या नात्यातला प्राणी. मी पोचेपर्यंत तो गेला होता. जिवंतांसाठी एक संस्था आणि मेलेल्यांसाठी दुसरी योजना, अशी इथली वाटणी. मी त्या दुसऱ्यांना फोन केला, सांगतील तसे फोटो काढले, टेप लावून माप घेतलं. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो वेळेचा. कानाच्या आतल्या बारीक केसांच्या पेशी मेल्यावर काही तासांतच नासतात. आवाजाने बहिरेपण आलं होतं का हे पाहायचं तर शरीर ताजंच लागतं. म्हणून स्फोटाचा आळ पुराव्यानिशी क्वचितच लागतो. आमच्या या समुद्राच्या तळाशी दोन महायुद्धांचे सुरुंग आणि बॉम्ब आहेत, पवनचक्क्या उभारताना ते निघतात आणि फोडावे लागतात. आता आतली स्फोटकं न फुटता जाळून टाकायची कमी आवाजाची पद्धत आली आहे, पण सगळीकडे अजून तीच वापरतात असं नाही.

गाडी येईपर्यंत दीड तास मी त्या प्राण्याशेजारी उभी होते. मनात गोष्ट तयार होती: बॉम्ब, नौदल, बिचारा. कुत्रं फिरवायला आलेल्या एका आजोबांना मी ती जवळजवळ सांगूनही टाकली.

महिनाभराने अहवाल आला. बरगड्या मोडलेल्या, अंगावर दातांचे समांतर ओरखडे. त्याला डॉल्फिनने मारलं होतं. इथले मोठे डॉल्फिन पॉरपॉइजना असे ठोकून मारतात आणि खातही नाहीत, हे इथल्या अभ्यासकांना नव्वदच्या दशकापासून ठाऊक आहे. कान ठीक होता.

आईला सांगितलं. फोनवर बराच वेळ शांतता.

"गादा?" ती म्हणाली. आमच्याकडे डॉल्फिनला गादा म्हणतात. "आपला गादा?"