बोटांवर मोजतोय? मोजू द्या

"अजून बोटांवरच मोजतो हो, कधी सुटणार ही सवय?" पहिली-दुसरीतल्या मुलांचे आईवडील मला हे इतक्यांदा विचारतात, की एकदाचं लिहूनच टाकते. सवय सोडवायला जाऊ नका. तो बोटं वापरतो कशी, ते आधी बघा.

८ + ५ घ्या. काही मुलं आठ बोटं मोजून उभी करतात, मग पाचांसाठी बोटं कमी पडतात, मग शेजाऱ्याचा हात उसना मागतात. (हसू नका, युक्ती चोख आहे.) ही मुलं सगळं एकपासून मोजतात. एकदा मोजलेले आठ पुन्हा मोजावे लागत नाहीत, हे त्यांना अजून पटलेलं नसतं. अशा मुलासमोर आठ बिया मोजून ठेवा आणि त्यावर वाटी पालथी घाला. बाहेर आणखी पाच ठेवा. सगळ्या मिळून किती? आधी तो वाटीवरच बोट टेकवत एक, दोन, तीन करत जातो. घाई करू नका. पुढे एखाद्या दिवशी वाटीवर एकच थाप मारून "आठ" म्हणतो आणि बाहेरच्या बियांकडे वळतो: नऊ, दहा, अकरा... मी वाट बघते ती या थापेची.

त्यानंतर "आठ मनात, पाच बोटांवर" जमतं. इथे उत्तर बारा येत असेल, तर पहिल्या बोटालाच तो "आठ" म्हणतोय. दरवेळी बरोबर एकाने कमी येणारं उत्तर हा धांदरटपणा नव्हे. ३ + ९ ला मोठी संख्या मनात धरायची, हे बहुतेकांना आपसूक सुचतं.

मग दहाच्या जोड्या. त्यासाठी बोटांइतकं चांगलं साधन नाही: आठ उभी, दोन मिटलेली. आठाला दहा व्हायला दोन हवेत, ते पाचातून घेतले, उरले तीन, झाले तेरा. हे बसलं की बोटं मोजायचं काम आपोआप कमी होतं.

तिसरी-चौथीतही ६ + ७ एकपासून मोजत असेल, तर मात्र लक्ष घाला. घड्याळ लावून नव्हे, पुन्हा वाटी आणि बिया घेऊन. बंदी घातलीत तर बोटं बाकाखाली जातात, आणि चूक कुठे होते ते तुम्हाला दिसेनासं होतं.

वजाबाकीत बोटं जास्त फसवतात. १३ − ५ करताना "तेरा, बारा, अकरा, दहा, नऊ" म्हणून नऊ सांगणारी मुलं पुष्कळ, कारण पहिलं बोट तेरावरच खर्ची पडतं. आणि ५२ − ४९? उलटं मोजत बसलं तर दमायला होतं. ४९ पासून पुढे जायला सांगा: पन्नास, एक्कावन्न, बावन्न. तीन बोटांत काम होतं. मोठी माणसं इथे कागद शोधून हातचा घेत बसतात.